पाय तुमचा मोडला, टक्का त्याचा कसा?

आज जरा पैशाचं बोलूया. न्याय, हक्क, अस्मिता यावर आपण रोज बोलतो. पण पाय मोडून खाटेवर पडलेल्या माणसाची नुकसानभरपाईची केस कोण लढवतं, कुणाच्या पैशावर लढवतं आणि शेवटी पैसा कुणाच्या खिशात जातो, यावर आपल्याकडं कुणी उघड बोलत नाही.

तवंदी घाटात ट्रकनं मोटरसायकल उडवली, संकेश्वरच्या पुढं रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री कुणी आदळलं, कागलच्या एमआयडीसीत प्रेसखाली बोटं गेली. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठलंही गाव घ्या, अशी एक तरी खाट घरात असलेली गल्ली सापडेल. आणि त्या खाटेपर्यंत नातेवाईक पोचायच्या आत एक माणूस पोचतो. गोड बोलतो, चहा पाजतो, डॉक्टरांशी ओळख सांगतो आणि मग हळूच म्हणतो, "काळजी करू नका. केस आपण टाकू. एक रुपया द्यायचा नाही. मिळालं तर आमचे पंचवीस टक्के, नाही मिळालं तर आमचं नशीब." घरचे लोक तेव्हा ऑपरेशनचे पैसे कुठनं आणायचे या विवंचनेत असतात. पुढं केलेल्या कागदावर सही होते.

हा सौदा बेकायदेशीर आहे. तो महाग आहे. आणि पुष्कळ वेळा त्याची गरजच नसते. या तिन्ही गोष्टी एकेक करून बघू.

आधी कायदा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की वकिलानं निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. हे काल-परवाचं नाही. वसुलीतला निम्मा वाटा घ्यायचा करार केला म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं एका वकिलाला निलंबित केलं होतं आणि ते प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आलं होतं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१७ चं घ्या. तेलंगणातल्या एका बाईचा नवरा अपघातात गेला. भरपाई मिळाली. वकिलानं टक्केवारीनं फी मागितली, घेतलेली पुरेना म्हणून आणखी चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून त्या विधवेवरच फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयानं ती फौजदारी रद्द केली आणि सांगितलं की भरपाईच्या टक्क्यावर फी मागणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. म्हणजे उद्या तुमच्याकडं कुणी टक्केवारीचा कागद नाचवत आला, तर भ्यायचं कारण नाही. तो कागद कोर्टात टिकत नाही.

खाटेपर्यंत येणारा तो माणूस बहुतेक वेळा वकील नसतोच. तो दलाल असतो. दलालामार्फत काम मिळवायला वकिलाला बंदी आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर जिल्हा न्यायाधीशांना दलालांची यादी जाहीर करायचा अधिकार मिळालाय आणि यादीत नाव असताना दलाली करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात अशी यादी लागली पाहिजे, ही मागणी आपण का करत नाही?

आता हिशोब. समजा, आठ लाखांची भरपाई मिळाली. पंचवीस टक्के म्हणजे दोन लाख गेले. ऐकायला वाटतं, चला, सहा लाख तरी राहिले. पण थांबा. त्या आठ लाखांत तीन लाख हॉस्पिटलच्या बिलाचे असतात. ते पैसे तुम्ही आधीच पतसंस्थेकडनं, पाहुण्यांकडनं, बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेले असतात. ते परत करायचेत. म्हणजे मोडलेल्या पायाचे, बुडलेल्या मजुरीचे, पुढच्या आयुष्याचे म्हणून जे काही खरं मिळालं ते पाच लाख. त्यातले दोन लाख गेले. म्हणजे पंचवीस नव्हे, चाळीस टक्के गेले! टक्का हॉस्पिटलच्या बिलावरही लागतो, पुढच्या ऑपरेशनसाठी दिलेल्या पैशावरही लागतो, हे सही करताना कोण सांगतं?

विलायतेतही "जिंकलो तरच फी" ही पद्धत आहे. पण तिथं ती उजेडात आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून दुखापतीच्या दाव्यात वकिलाच्या यशाच्या जादा फीवर पंचवीस टक्क्यांची मर्यादा आहे आणि जखमी माणसाच्या पुढच्या काळजीसाठी, पुढच्या बुडणाऱ्या कमाईसाठी मिळालेली रक्कम या मर्यादेच्या हिशोबात धरताच येत नाही. आपल्याकडं टक्का कायद्यानं बंद आणि व्यवहारात चालू. म्हणून त्याला मर्यादा नाही, पावती नाही, तक्रार करायची सोय नाही. अंधारातल्या सौद्यात गरीब माणूस नेहमी तोट्यातच राहतो.

यावर काही जण म्हणतील, "अहो, टक्का नसता तर आमच्या गरिबाला वकीलच मिळाला नसता. विमा कंपनी मोठी, तिचे वकील मोठे. निदान हा माणूस स्वतःच्या खिशातनं खर्च करून लढतो तरी." ही गोष्ट खोटी नाही. कष्टानं केस चालवणारे, पाच-सात वर्षं थांबून फी घेणारे, गरिबाची केस फुकट लढणारे वकील आपल्या भागात आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. वकिलाला फी मिळालीच पाहिजे. प्रश्न फीचा नाही, वाट्याचा आहे. फी कामाची असते. वाटा तुमच्या पायात असतो. आणि ज्याचा वाटा असतो त्याला लवकर मिटवायची घाई असते. सहा लाखांची केस साडेतीन लाखांत लोकअदालतीत मिटवली तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण उरलेल्या वर्षांची मेहनत वाचते. बिघडतं ते तुमचं. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, हे लक्षात ठेवा. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, पण आकडा तुम्हाला पटला तर.

मग खर्च भागवायचा कसा? टक्का सोडून रस्ते आहेत. बहुतेक जणांना माहीत नाहीत, कारण ते माहीत झाले तर दलालाचं दुकान बंद होईल.

पहिला रस्ता, जिथं सुरुवातीलाच वकील लागत नाही. रस्त्यावर अपघात झाला की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल अपघात दावा न्यायाधिकरणाकडं आणि विमा कंपनीकडं पाठवायचा असतो. दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांचं पत्रक द्यायचं असतं, त्याला फॉर्म दोन म्हणतात. नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम देशभर आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये म्हटलंय की पोलिसांचा हा अहवाल न्यायाधिकरणानं भरपाईचा अर्ज म्हणूनच धरायचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची अंमलबजावणी करा म्हणून पोलिसांना आणि न्यायाधिकरणांना बजावलंय. म्हणजे तुमच्या केसचं दार पोलिसांनी उघडून द्यायचं आहे, दलालानं नव्हे. स्टेशनात जा आणि नाव घेऊन विचारा, "साहेब, फॉर्म दोन कुठाय?"

धडक देऊन गाडी पळून गेली असेल तर सरकारी योजनेतनं मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. तो अर्ज महसूल खात्याकडं करायचा असतो. त्यासाठी वकील लागत नाही, टक्का तर नाहीच. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची केंद्राची योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना लागू केली, तीही बघा. आणि ज्यांनी बँकेत वर्षाला २० रुपये भरून सुरक्षा विमा काढलाय त्यांनी तो विसरू नका. कायमचं अपंगत्व आलं तर त्यात एक ते दोन लाख मिळतात. हॉस्पिटलचं कर्ज जितकं कमी, तितकी दलालापुढं मान कमी वाकवावी लागते. केस लढायचा पैसा पहिल्यांदा इथनं वाचतो.

दुसरा रस्ता, मोफत विधी सेवा. १९८७ च्या कायद्यानं हा हक्क दिलाय. कुणाला? प्रत्येक बाईला, तिची कमाई कितीही असो. लहान मुलांना. अनुसूचित जाती-जमातींना. अपंगांना. कारखान्यातल्या कामगाराला. आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुणालाही. अपघातात ज्याला अपंगत्व आलं तो यात बसतो. नवरा गेला म्हणून जी बाई केस लढते ती बसते. प्रेसखाली बोटं गेलेला पोरगा बसतो. आपल्या भागातल्या किती खाटा उरल्या, सांगा? या सेवेत फक्त वकील मिळतो असं नाही. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, कागदपत्रांचं भाषांतर, हे सगळं त्यात येतं. आणि नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडनं एक रुपयाही मागता येत नाही. १५१०० हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. बेळगावात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते.

लोक म्हणतात, फुकटचा वकील लक्ष देत नाही. काही वेळा खरं आहे, मानधन तुटपुंजं असतं. पण मग तक्रार करा, वकील बदलून मागा. फुकट आहे म्हणून हक्क कमी होत नाही.

तिसरा रस्ता, ठरलेली फी. वकील स्वतः नेमायचा असेल तर रक्कम ठरवा, टक्का नाही. अर्ज दाखल करताना इतके, साक्षीपुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके. निकाल काहीही लागो. कागदावर घ्या, पावती घ्या. प्रामाणिक वकील याला नाही म्हणत नाही. भरपाई तुमच्या बँक खात्यात थेट जमा करायची, असं मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. तेव्हा पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, कोऱ्या चेकवर सही करू नका.

कोर्ट फीचा बाऊ कुणी केला तर हेही सांगा. हरियाणात सरकारी बसनं नवरा मारल्यावर एक विधवा निर्धन म्हणून फी माफ करून घेऊन दावा लढायला उभी राहिली. सरकारनं त्यालाही विरोध केला आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७९ साली न्यायालयानं सरकारलाच फटकारलं आणि निर्धनाच्या सवलतीचा नियम अपघात न्यायाधिकरणातही लागू होतो हे पक्कं केलं. वीजवाहिनीचा शॉक लागला, भिंत पडली, असा साधा दिवाणी दावा असेल तिथं फी खरंच मोठी असते. तिथं ही सवलत लाखमोलाची आहे.

आता आपल्या सीमाभागाचा खास मुद्दा. तुमच्या हातात पडणारे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. वकीलपत्र, जबाब, तडजोडीचा मसुदा. दलाल त्याचाच फायदा घेतो. "सही करा, मी सांगतो काय लिहिलंय ते." कन्नड भाषेवर राग नाही, आपले शेजारी ती बोलतात. राग न कळलेल्या कागदावर घेतलेल्या सहीवर आहे. म्हणून वाचता येत नाही त्यावर सही नाही, मग समोर कोणीही असो. घरातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोराला बोलवा, फोटो काढून मित्राला पाठवा, एक दिवस थांबा. एक दिवसानं केस मरत नाही. मोफत विधी सेवेचा अर्ज तुम्ही मराठीत करू शकता. गाऱ्हाणं मांडण्यासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय.

आणि केस कुठं चालवायची हे पण तुमच्या हातात आहे. अपघात जिथं झाला तिथं, तुम्ही जिथं राहता तिथं, किंवा प्रतिवादी जिथं राहतो तिथं दावा करता येतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विमा कंपनीचं कार्यालय जिथं आहे तिथंही चालतं. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं आणि मराठीत बोलता येतं, तर या सोयीचा विचार करा. येण्याजाण्याचं भाडं आणि भाषांतराचा खर्च यातच पुष्कळ वाचतो. मात्र मुदत विसरू नका. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर घरात बसू नका.

एवढं सगळं असूनही एक खर्च उरतोच. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हेलपाटे, साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांचा खर्च, एक्स-रेच्या प्रती, तारखेला जायचं गाडीभाडं, तारखेच्या दिवशी बुडलेली मजुरी. रक्कम तशी लहान असते, पण ती नसते म्हणूनच माणूस दलालाच्या हातात सापडतो. इथं आपलं काम आहे.

आपल्या प्रत्येक गल्लीत तरुण मंडळ आहे. गणपतीची वर्गणी निघते, शिवजयंतीची निघते, डीजेला पैसे कमी पडत नाहीत. पन्नास पोरांनी महिन्याला पन्नास रुपये टाकले तर वर्षाला तीस हजार होतात. एका मंडळाचे. पाच मंडळं एकत्र आली तर दीड लाख. त्यातनं गावातल्या जखमी माणसाचा केसचा वरखर्च भागवायचा. वकील नसलेल्या तिसऱ्या माणसानं दाव्याला पैसे पुरवायला आणि निकालानंतर परत घ्यायला आपल्या कायद्यात आडकाठी दिसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बार कौन्सिलच्या एका खटल्यात नोंदवलंय. पण अडलेल्याला नाडणारा करार टिकत नाही, हेही १८७६ पासून ठरलेलं आहे. म्हणून नियम आधीच लिहून ठेवायचे. खर्चाची पावती असेल तेवढेच पैसे द्यायचे. भरपाई मिळाल्यावर दिलेले तेवढेच परत घ्यायचे, व्याज नाही, वाटा नाही. केस हरली तर माफ. मिटवायची की लढायची हे फक्त जखमी माणूस ठरवेल. आणि मंडळाच्या कुठल्याही माणसानं वकील लादायचा नाही, कमिशन घ्यायचं नाही. नाहीतर दलाल गेला आणि मंडळच दलाल झालं, असं व्हायचं.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. १९८१ साली याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर तीन आठवडे बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. हजारो लोक तीन आठवडे रस्त्यावर बसतात तेव्हा त्यांच्या मागं गावं उभी असावी लागतात. त्याच काळात इथल्या वखारीतल्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधली. त्यांच्यावर १९८२ साली निघालेला माहितीपट आजही जगभर दाखवला जातो. ज्या बायकांच्या हातात दिवसाची मजुरी टिकत नव्हती त्या एकत्र आल्या. आपल्या हातात तर स्मार्टफोन आहे.

आणि सरकारकडनं मागायचं ते मागायचंच. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे संरक्षण देशानं फार पूर्वीच मान्य केलंय. मग निपाणी, खानापूर, बेळगावात फॉर्म दोन आणि विधी सेवेचे अर्ज मराठीत का नाहीत? मराठी जाणणारे वकील पॅनेलवर किती, हे प्राधिकरणानं फलकावर लावावं. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात १५१०० हा नंबर कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहावा. आपला जो टक्का खरा आहे तो हा पंधरा टक्क्यांचा. तो मागूया. पंचवीसवाला देऊ नका.

आज एवढंच करा. ही पोस्ट तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. रविवारी अर्धा तास बसा, वरचे नियम एका कागदावर लिहा, दोन जणांच्या सहीचं बँक खातं उघडा. गावात कुणी खाटेवर असेल तर दलालाच्या आधी तुम्ही पोचा.